आपल्याच गावात, आपल्याच नावाने

जळगाव सोडून गाडी भुसावळकडे निघाली की लगेच भादली स्टेशन येते. या भादली बुद्रुक गावच्या अंजली पाटील यांनी डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी अर्ज भरला. प्रभाग महिलांसाठी राखीव होता आणि अंजली तृतीयपंथी आहेत. ३१ डिसेंबरला अर्ज बाद झाला. जागा स्त्रियांची आहे आणि तृतीयपंथीयांसाठी वेगळा प्रभाग राखीव नाही, असे कारण सांगण्यात आले.

अंजली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निकाल दिला. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम ४ ने माणसाला स्वतःला जाणवणारी लिंगओळख बाळगण्याचा हक्क दिला होता आणि न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. आपण स्त्री म्हणून जगायचे ठरवले आहे आणि पुढेही तसेच जगणार आहोत, हे अंजली यांचे म्हणणे नोंदवून घेऊन त्यांचा अर्ज स्वीकारण्याचा आदेश झाला. १५ जानेवारीला मतदान झाले, १८ जानेवारीला मोजणी झाली आणि पाचशेहून अधिक मते घेऊन अंजली पाटील ग्रामपंचायत सदस्य झाल्या.

बातम्यांमध्ये कोर्टातला विजय मोठा ठरला. खरे तर त्याहून मोठी गोष्ट मतपेटीत घडली होती. ग्रामपंचायतीचा मतदार उमेदवाराला पोस्टरवरून ओळखत नाही. कोणाची सून, कोणाचा नातू, लहानपणी कोणत्या वर्गात कोणाशेजारी बसायचा, हे सगळे त्याला ठाऊक असते. ज्या ओट्यांवरून वर्षानुवर्षे टोमणे ऐकावे लागतात, त्याच ओट्यांवर हात जोडून उभे राहायचे आणि मत मागायचे, याला लागणारे धाडस शहरातल्या मोर्चात चालायला लागणाऱ्या धाडसापेक्षा वेगळ्या जातीचे असते. भादलीने त्या धाडसाला मत दिले.

त्याआधीची वीस वर्षे आठवली म्हणजे या मताची किंमत कळते. मध्य प्रदेशातल्या कटनी शहराने कमला जान यांना महापौर म्हणून निवडून दिले होते. ती जागाही स्त्रियांसाठी राखीव होती. पण कायद्याच्या दृष्टीने त्या ‘पुरुष’ आहेत असे ठरवून कोर्टाने ती निवड रद्द केली आणि २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. लोकांनी स्वीकारलेल्या बाईला कायद्याने नाकारले. भादलीत कायदा आणि गाव दोघेही एका बाजूला उभे राहिले. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्येच तृतीयपंथी सरपंच निवडला होता, त्यामुळे भादलीचा निकाल हा एकटा अपघात नव्हे.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा जळगाव जिल्ह्याचेच नाव आले. वंचित बहुजन आघाडीने विधानसभेसाठी ११ उमेदवारांची पहिली यादी जाहीर केली, त्यात रावेरमधून शमिभा पाटील यांचे नाव होते. १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन ज्या फैजपुरात भरले, तिथल्या या कार्यकर्त्या तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी बरीच वर्षे लढत आल्या आहेत. पक्षाने यादीत प्रत्येक उमेदवारापुढे त्याचा समाज छापला होता. शमिभा यांच्या नावापुढे तृतीयपंथी आणि लेवा पाटील अशा दोन्ही ओळखी होत्या. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात लेवा पाटील म्हणजे शेती, सोयरीक, भाऊबंद आणि मान. त्या समाजातून बाहेर न पडता, त्याच्याच नावाने एक ट्रान्स स्त्री आमदारकी मागते आहे, हे दृश्य खान्देशाने पहिल्यांदा पाहिले. जागा मिळाली नाही. यादीतले नाव मात्र जिल्ह्याच्या इतिहासात राहील.

‘कम आउट होणे’, म्हणजे आपली लिंगओळख किंवा लैंगिक कल उघडपणे सांगणे, या विषयाची ओळख करून देताना सुरुवात मुद्दाम या दोघींपासून केली आहे. हा विषय मुंबई-पुण्याचा, इंग्रजी बोलणाऱ्यांचा, जून महिन्यात रंगीत झेंडे लावणाऱ्यांचा, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. जळगाव-धुळ्यातला वाचक त्यामुळे तो बातमीसारखा वाचतो आणि पान उलटतो. पुण्यात पहिली अभिमान यात्रा ११ डिसेंबर २०११ रोजी निघाली, ती बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने काढली. असे काही शहरात आधी घडणे साहजिक आहे, कारण शहरात माणूस गर्दीत हरवू शकतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये भुसावळला किंवा चाळीसगावला चढून पुण्याला शिकायला गेलेल्या कित्येक मुलांनी स्वतःला पहिल्यांदा नाव दिले ते तिथल्या हॉस्टेलच्या खोलीत. सुटीत घरी आले की ते नाव पुन्हा बॅगेत. असा अर्धा स्वीकार घेऊन आयुष्य काढणाऱ्यांची संख्या कोणत्याच दप्तरात नाही. म्हणून या लेखनाची भूमिका अशी आहे की खान्देशातल्या माणसाला स्वीकार हवा असतो तो आपल्या गावात, आपल्या आडनावासकट. गाव सोडून मिळालेले स्वातंत्र्य खरे असते, पण ते पुरेसे नसते.

आडनावाचा मुद्दा साधा नाही. कोर्टाच्या कागदांवर अंजली यांचे नाव ‘अंजली गुरू संजना जान’ असे आहे. गावात त्या अंजली पाटील. घरातून हाकललेल्या मुलाला गुरू-चेल्याची परंपरा छप्पर देते, जेवण देते, आजारात सांभाळते. तिला तिचे नियम आहेत, तिची उतरंड आहे, आणि तिथे मिळकतीचे मार्ग फार थोडे आहेत. टाळी वाजवून मागणे, लग्नाघरी किंवा बाळाच्या बारशाला जाऊन आशीर्वाद देणे, किंवा महामार्गावर उभे राहणे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, आणि रात्री त्या रस्त्यांवर कोण उभे असते हे धुळेकरांना माहीत आहे. जन्माचे घर आणि गुरूचे घर, दोन्ही नावे एका माणसाने जाहीरपणे बाळगणे, हीच मुळात नवी गोष्ट आहे.

इथे वाचकाने एक फरक नीट समजून घ्यावा. आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की आणखी काही, ही लिंगओळख. आपले प्रेम कोणावर जडते, हा लैंगिक कल. ट्रान्स स्त्री ही समलिंगी पुरुष नव्हे. समलिंगी पुरुष साडी नेसत असतो असेही नव्हे. तो शेतात मोटर सुरू करायला जातो, एमआयडीसीत पाळी करतो, गणपतीत ढोल वाजवतो, आणि त्याचे मन दुसऱ्या पुरुषावर जडलेले असते. त्याला कोणी ओळखत नाही, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा तुरुंग. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त ‘इतर’ या रकान्यात झाली. ती कमीच आहे, पण निदान रकाना तरी आहे. ज्याचे प्रेम वेगळे आहे, त्याच्यासाठी रकानाही नाही.

मग येते लग्न. खान्देशात मुलगा पंचविशीला टेकला की बायोडाटा छापला जातो. वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत फोटो जातो, मामा-मावश्या स्थळे आणू लागतात. नकाराला कारण द्यावे लागते आणि खरे कारण सांगता येत नाही. ‘लोके काय म्हनतीन?’ हा प्रश्न आई विचारते तेव्हा ती दुष्ट नसते, ती घाबरलेली असते. तिच्यापुढे धाकट्या मुलीचे लग्न असते, भाऊबंदकी असते. शेवटी मुलगा होकार देतो. आणि मग दोन आयुष्ये मोडतात, त्यातले एक अशा मुलीचे, जिला काहीच सांगितलेले नसते.

याचे सर्वांत उघड उदाहरण खान्देशाच्या शेजारीच आहे. नंदुरबारला लागून, सातपुड्याच्या पश्चिम टोकाला राजपीपळा. तिथले राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांचे लग्न १९९१ मध्ये झाबुआच्या राजकन्येशी झाले. वर्ष-सव्वा वर्षात ते संपले. मार्च २००६ मध्ये गुजराती वर्तमानपत्रातून त्यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले तेव्हा राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले आणि घरच्यांनी त्यांना वारसाहक्कातून बेदखल केल्याचे जाहीर केले. पण ते गाव सोडून कायमचे गेले नाहीत. बडोद्याच्या लक्ष्य ट्रस्टमधून त्यांनी एचआयव्ही प्रतिबंधाचे काम केले, आणि पुढे घराबाहेर काढलेल्या मुलांसाठी राजपीपळ्याजवळच आपली जागा खुली केली. आपल्या लग्नाने एका निरपराध स्त्रीचे नुकसान झाले, हे त्यांनी जाहीरपणे अनेकदा कबूल केले आहे. राजघराण्यातल्या माणसाला पैशाचा आधार असतो, शिरपूरच्या सालदाराच्या मुलाला तो नसतो. तरी गोष्टीचा सांगाडा दोघांचा एकच आहे. दडपण, लग्न, खोटेपणा, स्फोट.

कायद्याची कथा थोडक्यात सांगून पुढे जायला हवे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला ते सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला पुन्हा घट्ट केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले. मध्ये १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ‘नाल्सा’ निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला होता.

गुन्हा हटला तरी ‘आजार’ उरला. मुलाने घरी सांगितले की पहिली धाव भगताकडे, देवाला कौल लावायला, आणि शिकलेल्या घरात मानसोपचारतज्ज्ञाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असे स्पष्ट सांगितले, आणि ७ जून २०२१ च्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे जळगावात किंवा धुळ्यात कोणी डॉक्टर ‘सहा महिन्यांत मुलगा नॉर्मल करून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावे. आणखी एक सल आहे. लहान शहरांत सरकारी यंत्रणा या माणसांशी पहिल्यांदा बोलली ती एचआयव्हीच्या निमित्ताने, आयसीटीसी या समुपदेशन-तपासणी केंद्रातल्या रक्ततपासणीच्या टेबलावर. त्या कामाने जीव वाचवले, त्याचे मोल मोठेच. पण ज्यांच्याकडे आधी रोगाचा धोका म्हणून पाहिले गेले, त्यांच्याकडे प्रेम करणारी माणसे म्हणून पाहायला समाजाला उशीर झाला.

कलेने मात्र ही वाट आधीच चालून पाहिली होती. बाल नारायण राजहंस जळगावात नातेवाइकांकडे राहिले, तिथल्या मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकले, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले आणि बालगंधर्व म्हणून गाजले. त्यांची शकुंतला, त्यांची भामिनी पाहून घरंदाज बायका साडी नेसण्याची ढब शिकल्या. त्यांच्या खासगी आयुष्याशी या विषयाचा काही संबंध नाही, आणि तो कोणी जोडूही नये. मुद्दा प्रेक्षकांचा आहे. पुरुषाच्या देहातले स्त्रीत्व सुंदर असू शकते, हे महाराष्ट्राने रंगमंचावर डोळे भरून पाहिले आणि दाद दिली. खान्देशातल्या जत्रांत तमाशाच्या कनातीपुढे नाच्याला शिट्ट्या पडल्या. पडदा पडला की तीच चाल, तोच आवाज गल्लीत थट्टेचा विषय झाला.

शब्दांतून प्रेम आले ते उशिरा. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले, त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा साकारली. दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकाने तेव्हा पाहिली. २००५ मध्ये बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आली. एका समलिंगी मुलाच्या मनातली घुसमट आणि त्याचा स्वतःपर्यंतचा प्रवास साध्या मराठीत सांगणारे हे छोटे पुस्तक अनेक तरुणांसाठी आरसा ठरले. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. दिशा पिंकी शेख यांची कविता श्रीरामपुरातून आली आणि तृतीयपंथी बाईचा राग, प्रेम, देह हे सगळे तिने तिच्याच भाषेत मांडले.

आणि २०२५ मध्ये ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. या महोत्सवात पोचलेला हा पहिलाच मराठी चित्रपट. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून नगर जिल्ह्यातल्या गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, पायात चप्पल नाही, नातेवाइकांचा एकच घोशा की आता लग्न उरकून टाक. तिथेच त्याला बाल्या भेटतो, लहानपणीचा सोबती, शेतकरी. दोघांमध्ये जे हळूहळू उगवते ते फार कमी बोलते. चित्रपटाची खरी ताकद आईत आहे. तिला माहीत आहे, गेलेल्या वडिलांनाही माहीत होते, आणि ती मुलाला झाकत नाही, सांभाळते. शिक्षण नाही, चळवळीची भाषा नाही, तरी मुलाला समजून घेणारी खेड्यातली आई पडद्यावर इतक्या खरेपणाने याआधी फारशी आली नव्हती. अमळनेर, पारोळा, साक्रीत अशा आया आहेत. त्यांच्याबद्दल लिहिले गेले नाही, एवढेच.

अशा पालकांनी २०१७ पासून मुंबईत ‘स्वीकार’ नावाने एकमेकांचा हात धरला. २०२३ च्या एप्रिलमध्ये, समलिंगी विवाहाच्या हक्काची सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना, त्यांच्यातल्या चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले की आमच्या हयातीत आमच्या मुलांची लग्ने कायदेशीर झालेली आम्हाला पाहायची आहेत. त्याआधी, २०१५ मध्ये, मुंबईत पद्मा अय्यर यांनी मुलासाठी वर हवा अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. पोटजातीची पसंतीही तीत होती, त्यावर टीका झाली, आणि ती टीका रास्तच होती. प्रेमाची एक भिंत पाडताना दुसरी तशीच ठेवायची, हे खान्देशातही होऊ शकते. वंचितच्या यादीतल्या जातीच्या उल्लेखामागे प्रतिनिधित्वाचे कारण होते, सोयरिकीतल्या जातीमागे कुंपणाचे. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत.

विदर्भात यवतमाळच्या, अमेरिकेत राहणाऱ्या एका अभियंत्याने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी स्वतःच्या गावातच, नातलग-मित्रांच्या साक्षीने लग्नाचा समारंभ केला. तेव्हा ३७७ अजून लागू होते. अमेरिकेत राहून ते सहज करता आले असते. त्याला ते यवतमाळातच करायचे होते.

स्त्रियांचे प्रेम यापेक्षाही अदृश्य राहते. दोन मुली एका खोलीत राहिल्या तर कोणी संशय घेत नाही, पण एकीचे लग्न ठरले आणि दोघी पळाल्या की त्याच दिवशी हरवल्याची तक्रार होते, पोलीस दुसऱ्या जिल्ह्यातून त्यांना परत आणतात आणि आईवडिलांच्या ताब्यात देतात. केरळच्या देवू जी. नायर प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी प्रकरणे हाताळणाऱ्या न्यायालयांसाठी सूचना घालून दिल्या. सज्ञान व्यक्तीचे म्हणणे घरच्यांच्या गैरहजेरीत ऐका, समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करू नका, आणि तिने निवडलेल्या माणसांना तिचे कुटुंब मानायला शिका. मुलगी एरंडोलची असो की शिंदखेड्याची, तिचे प्रकरण कोर्टात गेले तर न्यायाधीशांनी या सूचना पाळायच्या आहेत.

लग्नाचा दरवाजा मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात बंद राहिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले, आणि समलिंगी जोडप्यांना वेगळी कायदेशीर मान्यता देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन मतांनी पडला. न्यायालयाने सरकारला समिती नेमायला सांगितले, ती कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. तिच्या कामातून काही छोट्या, पण रोजच्या जगण्याला भिडणाऱ्या गोष्टी निघाल्या. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एका कुटुंबातले मानावे, असे राज्यांना कळवले गेले. बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमायला कसलीही आडकाठी नाही, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. जवळचे नातेवाईक नसतील तर मृत जोडीदाराचा देह ताब्यात घेता यावा, अशीही सूचना आरोग्य खात्याकडून गेली.

हे कागद दिल्लीहून निघाले आहेत. ते जळगावच्या पुरवठा कार्यालयात, धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवागारात आणि यावलच्या बँकेच्या काउंटरवर पोचले आहेत का, हे तिथे जाऊन विचारावे लागेल. विचारणाऱ्या जोडप्याला पहिल्या खेपेला कदाचित ‘असा नियमच नाही’ असे उत्तर मिळेल. अंजली पाटील यांनाही पहिल्या खेपेला तेच मिळाले होते. तेव्हा परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी, अर्जाची पोच घ्यावी, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा.